तारीख टाकून काढलेली झाडं



आज खत नाही, फवारणी नाही, बाजारभावही नाही. आज एका चित्रकाराबद्दल लिहितोय. नाव डेव्हिड हॉकनी, इंग्लंडचे, जन्म १९३७ चा. शेतनोंदींच्या पानावर चित्रकार कशाला, असं कुणाला वाटलं तर जरा थांबा. या माणसानं साठी उलटल्यावर जवळजवळ दहा वर्षं एकाच भागातल्या शेतरस्त्यांवरची झाडं काढली. घनदाट जंगल नाही, बर्फाचे डोंगर नाहीत. बांधावरची, कुंपणातली, गव्हाच्या रानाच्या कडेची झाडं. आणि कुठल्या महिन्यात काढली, कधी कधी तर कुठल्या तारखेला काढली, ते चित्राच्या नावातच लिहून ठेवलं. एका चित्राचं नावच असं आहे - 'वोल्डगेट वुड्स, २४, २५ आणि २६ ऑक्टोबर २००६'. हे वाचलं आणि म्हटलं, अरे, ही तर शेतनोंद झाली.

ही चित्रं मला दाखवली माझ्या धाकट्या भावाच्या मुलीनं. पोरगी पुण्याला चित्रकला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली होती. आमच्या घरात त्या वेळी बांधावरच्या चिंचेचा विषय चालू होता, तो आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमची वाटणी झाली तेव्हा मधला बांध सामाईक राहिला. त्या बांधावर चिंच आहे, आजोबांच्या आधीपासूनची. दोघांच्या कवेत मावत नाही एवढं खोड. माझं रान दक्षिणेला, धाकट्याचं उत्तरेला. आता रब्बी ज्वारी करणाऱ्याला हे सांगायला नको, की थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून चालतो आणि सावली उत्तरेला लांब पडते. म्हणजे झाड दोघांचं, सावली मात्र सगळी धाकट्याच्या ज्वारीवर. तीन-चार गुंठ्यांत कणीस पोसत नाही. ज्वारी नुसती उंच होते, लवते आणि लोळते. त्यात एक लाकूडवाला येऊन झाडाचा भाव करून गेला. चिंच तोडायला परवानगी लागते, ती मी काढतो म्हणाला. धाकट्याचं म्हणणं, देऊन टाकू. माझं मन होईना. पण मन होत नाही हे काही कारण नाही. चार गुंठ्यांचा हिशेब समोर असताना मनाचं कोण ऐकतो?

तर अशा वेळी पोरगीनं फोन पुढं केला. म्हणाली, "आप्पा, हे बघा. आपल्या बांधासारखं वाटतंय का नाही?"

आता चित्रांकडे येतो.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर नावाचा मुलूख आहे. त्याच्या पूर्वेकडच्या भागाला वोल्ड्स म्हणतात. पांढऱ्या खडूच्या दगडाचे बुटके डोंगर, मधे घळी, उतारावर गहू आणि सातूची रानं. रानांच्या कडेनं काटेरी झुडपांची कुंपणं, त्यात अधूनमधून वाढलेली मोठी झाडं. हॉकनी जन्मले त्याच मुलखातल्या ब्रॅडफर्डला. ते कापडगिरण्यांचं शहर. पण शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते या वोल्ड्समध्ये सुगीच्या कामाला यायचे. काम काय, तर कापलेल्या पिकाच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे वाळतात. आपण कडब्याच्या पेंढ्या उभ्या करतो तसंच. हे ऐकलं आणि माझा त्या माणसावर निम्मा विश्वास बसला. ज्यानं पेंढी उचललीय त्याला रान कळतं.

पुढं ते नावाजले. १९६४ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले. तिथलं ऊन, तिथले पोहण्याचे निळे हौद यांची चित्रं काढली आणि जगभर नाव झालं. पण तिथं ऋतू फारसे बदलत नाहीत. बारमाही ऊन.

परत यायला कारण घडलं ते १९९७ साली. जोनाथन सिल्व्हर नावाचा त्यांचा जवळचा मित्र यॉर्कशायरमध्ये शेवटच्या आजारात होता. हॉकनी समुद्रकाठच्या ब्रिडलिंग्टन गावात राहायचे, तिथं त्यांची आई होती. मित्राला भेटायला गाडीनं वोल्ड्स ओलांडून जायचं, परत यायचं. रोज तोच रस्ता, तीच रानं. पीक पिवळं होत चाललंय, मग कापणी, मग नांगरट. इकडं मित्र खंगत चाललाय. या मित्रानंच त्यांना म्हटलं होतं की आपल्या यॉर्कशायरची चित्रं काढ. आणि त्यांनी काढली. तो मित्र त्याच वर्षी गेला.

मंडळी, दवाखान्याच्या खेपा मारताना रस्त्याकडेची रानं कशी दिसतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आईच्या वेळी मी सोलापूरच्या खेपा केल्या. त्या दोन महिन्यांतली वाटेवरची तूर मला अजून आठवते. कुठं फुलात होती, कुठं शेंगेत होती, सगळं. एरवी त्याच रस्त्यानं पन्नास वेळा गेलो असेन, तेव्हाचं काही आठवत नाही. म्हणून त्यांचं ते येणं-जाणं मला समजलं.

२००४ च्या सुमारास ते त्या भागात मुक्कामालाच आले आणि बाहेर रानात उभं राहून चित्रं काढायला लागले. स्टुडिओत बसून आठवणीनं नाही. गाडीच्या मागं खाचांचे कप्पे करून घेतले, म्हणजे ओलं चित्र एकमेकाला न चिकटता घरी नेता येईल. थंडीत, वाऱ्यात, अंगात जाड कोट, डोक्याला टोपी, आणि समोर रस्ता. वोल्डगेट हा असाच एक जुना रस्ता, ब्रिडलिंग्टनपासून निघणारा. वाहनांची वर्दळ नाही. त्या रस्त्यावरची ठरावीक ठिकाणं धरून त्यांनी पुन्हा पुन्हा चित्रं काढली. शेताकडे जाणारी एक गाडीवाट आहे, दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना मिळून बोगदा झालाय. तो बोगदा त्यांनी हिवाळ्यात काढला, मे महिन्यात काढला, जुलैत काढला. नावं तशीच, महिन्यांसकट.

थिक्सेंडेल गावाजवळ मोकळ्या रानात तीन मोठी झाडं आहेत. ती त्यांनी चार वेळा काढली, एका ऋतूला एक चित्र. उन्हाळा २००७, हिवाळा २००७, वसंत २००८, शरद २००८. झाडं तीच, जागा तीच. चारही चित्रं शेजारी शेजारी ठेवली की लक्षात येतं, तीन झाडं नाहीत, बारा झाडं आहेत.

मला सगळ्यात जास्त भावली ती त्यांची पानगळीतली झाडं. आपल्याला वाटतं झाड म्हणजे पानं, फुलं, फळं. हॉकनींनी उघड्या फांद्यांची केवढी तरी चित्रं काढली. पानं असली की झाड झाकलेलं असतं. पानं गेली की खरं कळतं, कुठली फांदी कुठून निघाली, उजेडासाठी कुठं वळली, कुठं मोडून पुन्हा फुटली. डाळिंबाची नाहीतर द्राक्षाची छाटणी करणाऱ्याला हे माहीत आहे. बागेचा सांगाडा उघडा पडला की मगच मागच्या वर्षीची छाटणी कशी झाली ते दिसतं.

त्यातलं सगळ्यात मोठं चित्र २००७ चं, 'बिगर ट्रीज निअर वॉर्टर'. वॉर्टर हे गाव. चित्रात एक झाडी, मधोमध सिकॅमोरचं दांडगं झाड, फांद्यांचं जाळं आभाळभर पसरलेलं. उजव्या हाताला एखादं घर, खाली पिवळी फुलं. चित्राची लांबी सुमारे ४० फूट, उंची १५ फूट. म्हणजे आमची कांद्याची चाळ असते तेवढं चित्र. एवढा अखंड कॅनव्हास रानात कोण नेणार? म्हणून त्यांनी ५० तुकड्यांत काढलं. एकेक तुकडा रानात न्यायचा, रंगवायचा, आणायचा. सगळे तुकडे एकदम मांडायला जागा नव्हती. मग प्रत्येकाचा फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडून बघायचे, की बाबा सांधा जुळतोय का. वय त्यांचं तेव्हा ६९.

आणि या कामाला घाई होती बरं का. कारण काढायच्या होत्या उघड्या फांद्या, आणि वसंत तर दारात आलेला. एकदा पालवी फुटली की जाळं झाकलं जाणार, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागणार. काही आठवड्यांत पन्नासच्या पन्नास तुकडे त्यांनी पुरे केले. ते चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत एका अख्ख्या भिंतीवर लागलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते टेट या सरकारी संग्रहालयाला देऊन टाकलं. विकलं नाही.

ही घाई मला फार ओळखीची वाटली. तिकडच्या कुंपणांत हॉथॉर्न नावाचं काटेरी झुडूप असतं. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी असं लदलदतं की खालची फांदी दिसत नाही. पण बहर टिकतो थोडे दिवस. वारा-पाऊस आला की संपलं. हॉकनी आणि त्यांची माणसं त्या दिवसांना 'अ‍ॅक्शन वीक' म्हणायची. सगळी तयारी आधी करून ठेवायची, रंग, कॅनव्हास, गाडी, आणि फूल आलं की पहाटे रस्त्यावर. दुसरं कुठलं काम त्या आठवड्यात नाही.

आपण त्याला काय म्हणतो? वापसा. पाऊस पडून गेल्यावर रान ना चिखल ना कोरडं, अशा अवस्थेत तीन-चार दिवस मिळतात. बी घरात, खत घरात, पाभर किंवा ट्रॅक्टर तयार, आणि वापसा आला की पेरणी. त्या वेळी पाहुण्याच्या घरी लग्न असलं तरी एक माणूस रानात राहतो. चित्रकाराला पण वापसा असतो, हे मला या माणसामुळं कळलं.

आता एक शंका मीच पोरगीला विचारली. म्हटलं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा फोटो काढायचा. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे.

तिनं मला काही समजावलं नाही. म्हणाली, "आप्पा, चिंचेखाली उभं राहा आणि अख्खी चिंच फोनमध्ये काढून दाखवा."

गेलो. नाही येत, मंडळी. खोड घ्यावं तर शेंडा जातो. लांब गेलं तर सगळं झाड येतं, पण एवढंसं येतं, खेळण्यातल्यासारखं. झाडाखाली उभं राहिल्यावर मान वर करावी लागते, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग पायाशी. डोळा फिरतो आणि झाड डोक्यात जुळतं. कॅमेऱ्याचा डोळा एकच आणि तो फिरत नाही. हॉकनींचं म्हणणं साधारण हेच आहे. म्हणून त्यांची मोठी चित्रं तुकड्या-तुकड्यांची. प्रत्येक तुकड्याशी थांबून बघितलेलं असतं. पुढं त्यांनी गाडीवर नऊ कॅमेरे बसवून वोल्डगेटच्या झाडीतून अगदी सावकाश गाडी चालवली. चारही ऋतूंत असं चित्रीकरण केलं आणि ते एकूण ३६ पडद्यांवर दाखवलं. एका ऋतूला नऊ पडदे. बघणाऱ्यानं कुठल्या पडद्याकडे बघायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं, जसं आपण रस्त्यानं चालताना ठरवतो.

रंगांबद्दल पण लिहितो. काही चित्रांत खोडं जांभळी आहेत, रस्ता गुलाबी, ओंडके भडक नारिंगी. आमच्या घरातली म्हणाली, असलं झाड असतं होय? मी म्हटलं असतं. पावसात भिजलेल्या लिंबाच्या खोडाकडे संध्याकाळच्या उन्हात बघ, काळं नसतं ते. आणि जुनी चिंच कापताना ज्यांनी पाहिलीय त्यांना विचारा. बाहेरचं लाकूड पांढरट-पिवळं, पण आतला गाभा गडद, जांभळट तपकिरी. करवतीचा भुसासुद्धा दोन रंगांचा पडतो.

इथंच त्यांच्या कापलेल्या झाडांच्या चित्रांकडे यायचं. माझ्यासाठी खरी गोष्ट ही आहे.

वोल्डगेटला झाडं तोडली जायची. लाकडासाठी लावलेलीच झाडी ती, वेळ आली की कापायचे. २००८ च्या सुमाराला त्यांच्या नेहमीच्या जागांवर झाडं पडली. आता दुसरा कुणी असता तर त्यानं छाती बडवली असती. पोस्टर काढलं असतं, झाडाला डोळे काढून त्यातून पाणी दाखवलं असतं. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर असतं तसं. हॉकनींनी काय केलं? कापलेले ओंडके काढले. २००९ चं 'विंटर टिंबर' म्हणून चित्र आहे, १५ कॅनव्हासचं. रस्त्याकडेला ओंडक्यांची रास, नारिंगी-पिवळी, जशी काही हळकुंडं वाळत घातलीत. मागं निळी झाडं. आणि पुढं एक उभं जांभळं खोड, फांद्या नाहीत, शेंडा नाही. कुणाला शिव्या नाहीत. झाड उभं होतं तेव्हा बघितलं, आडवं झालं तेव्हाही तितक्याच लक्षानं बघितलं.

शेतकऱ्याला हे बरं वाटतं. कारण झाड तोडणारा म्हणजे पापी आणि लावणारा म्हणजे पुण्यवान, एवढं सोपं रानात नसतं. औत, जू, घराचे वासे, चुलीचं जळण, मयताची लाकडं, सगळं झाडाचंच. तोडावं लागतं. पण तोडायच्या आधी ते नीट बघितलंय का, हा प्रश्न वेगळा आहे. तो प्रश्न या चित्रांनी माझ्यापुढं ठेवला.

त्या उभ्या खोडाची पुढची हकीकत ऐका. हॉकनींना ते वठलेलं खोड फार प्रिय होतं. त्याला ते 'टोटेम' म्हणायचे, म्हणजे देवखांब म्हणा. बऱ्याच चित्रांत ते आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात कुणीतरी रातोरात त्यावर रंग फासला आणि ते कापून आडवं केलं. लाकूड नेण्यासाठी नाही, नुसताच खोडसाळपणा. म्हाताऱ्याला ते फार लागलं. पण परत तेच, जाऊन त्या पडलेल्या खोडाची कोळशानं चित्रं काढली. आणि पुढच्या वर्षी, २०१३ ला, त्याच रस्त्यावर वसंत कसा येतो त्याची २५ चित्रं काढली, सगळी कोळशाची, काळी-पांढरी. पाच जागा, प्रत्येक जागा पाच वेळा. हिवाळ्यापासून झाडं भरेपर्यंत.

त्याआधी २०११ चा वसंत त्यांनी आयपॅडवर काढला होता. होय, आपण ज्यावर हवामान बघतो तसल्याच काचेच्या पाटीवर. बोटानं नाहीतर काडीनं रेघा मारायच्या. रंग कालवायला नको, वाळायला नको. थंडीत हात गारठायच्या आत चित्र पुरं. अशी ५१ चित्रं आणि एक ३२ कॅनव्हासचं मोठं रंगचित्र मिळून एकच काम झालं, नाव 'वोल्डगेटमध्ये वसंताचं आगमन, २०११'. २०१२ साली रॉयल अकॅडमीत त्याचं प्रदर्शन भरलं, तेव्हा सहा लाखांच्या आसपास लोक बघून गेले. विचार करा, शेतरस्त्याच्या कडेची झाडं बघायला शहरातली माणसं तिकीट काढून रांगेत उभी!

पैशाचं पण सांगतो, नाहीतर तुम्ही विचारणारच. ते २४, २५, २६ ऑक्टोबरचं वोल्डगेटचं चित्र २०१६ साली न्यूयॉर्कला लिलावात एक कोटी डॉलरच्या वर गेलं. आमच्या लाकूडवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग काका, चिंचेचं चित्रच काढा की, कापायचं भाडंही वाचंल."

धाकट्याला मी ही सगळी चित्रं दाखवली. त्यानं बघितली, मन लावून बघितली, पोरगीच्या आवडीची म्हणून. मग म्हणाला, "दादा, चित्रं चांगली हायेत. पण चित्रातल्या सावलीनं ज्वारी मरत न्हाई."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्याचं खरं आहे. हॉकनी त्या रानाचे मालक नव्हते. तिथला गहू सावलीत किती कमी पिकतो हा हिशेब त्यांना घालायचा नव्हता. बघणारा एक आणि सोसणारा दुसरा असला की झाडाचं कौतुक स्वस्तात पडतं. हे लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर माझं हे सगळं लिखाण शहरातल्या माणसाचं होईल.

पण पोरगीनं मधे तोंड घातलं. म्हणाली, "पप्पा, नुकसान किती ते मोजलंय का कधी? आणि आप्पा, तुम्ही तरी झाड वर्षभर बघितलंय का?"

मग ठरलं, दोन्ही करायचं. एक वर्ष. धाकट्यानं सावलीतली ज्वारी वेगळी काढायची, वेगळी मळायची, वजन करायचं. मी दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी आठ वाजता बांधावर एकाच दगडाशी उभं राहून झाडाची नोंद करायची. त्यातल्या काही नोंदी देतो.

१ डिसेंबर. सावली मोजली, बांधापासून धाकट्याच्या रानात ३२ पावलं. चिंचा हिरव्या, चपट्या. झाड गच्च.

१ जानेवारी. चिंचा गाभुळल्या. पोरांनी दगड मारून खालच्या फांद्या रिकाम्या केल्या. शेंड्याकडे घारीचं घरटं आहे, ते डिसेंबरात दिसलं नव्हतं.

१ मार्च. टरफल सुटलंय, वारा आला की खुळखुळ वाजतं. झोडायला माणसं सांगितली. सावली आता २० पावलं, पण ज्वारी काढून झाली, तिला काय उपयोग.

१ एप्रिल. जुना पाला गळतोय. पश्चिमेची एक मोठी फांदी मधून पोकळ आहे, पाला गेल्यावर दिसली. पोपटांची ये-जा तिथंच.

१ मे. नवा पाला. कोवळा, तांबूस-पोपटी. चार दिवसांपूर्वी झाड म्हातारं दिसत होतं.

१ जून. फूल लागलंय. पिवळं, त्यात लाल रेघा, लांबून दिसतच नाही. मधमाश्यांचा आवाज दगडापर्यंत येतो. सावली सकाळी पण आखूड, आणि आता उत्तरेला नाही, दक्षिणेकडे कलती. म्हणजे माझ्या रानात!

ही शेवटची गोष्ट मला नवी होती असं नाही, सूर्य उत्तरेला येतो हे कोणाला माहीत नाही? पण लिहिलं की ती हिशेबात येते.

ज्वारीचं वजन झालं. सावलीतल्या पट्ट्यात शेजारच्या तेवढ्याच पट्ट्यापेक्षा जवळजवळ निम्मी निघाली. नुकसान खरं होतं, धाकटा उगाच बोलत नव्हता. चिंच बार्शीच्या बाजारात गेली. आलेल्या पैशातून झोडणीची मजुरी आणि गाडीभाडं काढलं आणि दोघं ओसरीवर बसलो. आजपर्यंत आठ आणे-आठ आणे वाटणी होती. मी म्हटलं, सावली तुझ्याकडे जास्त, तर पैसे पण तुझ्याकडे जास्त. दहा आणे तुझे, सहा आणे माझे. उत्तरेकडच्या तीन खालच्या फांद्या पावसाळ्याच्या आधी उतरवायच्या, त्याची मजुरी माझी. पोपटांची पोकळ फांदी पश्चिमेची आहे, तिला हात लावायचा नाही.

धाकटा म्हणाला, "यंदाच्याला ठीक. पुढच्या वर्षी चिंचेचा भाव पडला तर परत बसायचं."

बसू. बांध सामाईक आहे तोवर बसायचंच आहे. लाकूडवाल्याचा नंबर त्यानं फोनमधून काढलेला नाही, आणि मी काढ म्हणालो नाही. त्याला पोरीची फी भरायची आहे. कुठल्या साली काय वेळ येईल सांगता येत नाही. पण झाड गेलंच तर काय गेलं, ते आम्हा दोघांना नेमकं माहीत असेल. पावलांत, किलोंत आणि पोपटांत.

हॉकनी पुढं फ्रान्सला नॉर्मंडी भागात जाऊन राहिले. २०१९ ला तिथं जुनं घर घेतलं, भोवती नासपती, सफरचंद, चेरीची झाडं. २०२० साली करोनानं जग बंद झालं, तेव्हा ऐंशीच्या पुढचा हा माणूस रोज दारातलीच झाडं आयपॅडवर काढत होता. त्या वसंताची ११६ चित्रं झाली. नंतर वर्षभराची चित्रं जोडून ९० मीटरच्या वर लांब पट्टा केला. ती कल्पना त्यांना जवळच्याच बायू गावातल्या जुन्या भरतकामाच्या पट्ट्यावरून सुचली, तो सुमारे ७० मीटरचा आहे. चालत चालत बघायचं, हिवाळ्यातून निघायचं आणि ऋतू ओलांडत परत हिवाळ्यात पोचायचं. आपण पण त्या दिवसांत रानातच होतो. बाजार बंद, गाड्या बंद, भाजी बांधावर फेकली. पण लिंबाला मोहर आला होता, तो वेळेवर आला होता.

तर मंडळी, चित्र काढायला मी सांगत नाही, मला स्वतःला बैलाचे चार पाय सरळ काढता येत नाहीत. एवढंच सांगतो. आपल्या बांधावरचं एक झाड धरा. आंबा असो, लिंब असो, बाभूळ असो, हिवर असो. उभं राहायची जागा ठरवा, दगड ठेवा. महिन्यातून एकदा, त्याच वेळेला, दोन ओळी लिहा आणि वर तारीख टाका. सावली कुठं पडली, पाला कसा आहे, कोण येऊन बसतं. ज्याच्या रानात सावली पडते त्यालाही विचारून लिहा, त्याची ओळ गाळू नका.

उद्या १ तारीख आहे. पाऊस नसला तर सकाळी आठला मी दगडापाशी आहे. नोंद इथं टाकतोच.